अस्तरावरचा खडू

आईच्या शिवणाच्या दुकानात कपड्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची पद्धत नव्हती. नावं विसरतात, माणसं विसरत नाहीत, असं आईचं म्हणणं. त्यामुळे कपडा आला की ती अस्तरावर खडूने त्या माणसाची खूण लिहायची: घाईवाले, गप्पिष्ट काकू, पोट आत घेणारे. कपडा तयार झाला की मामा आधी ब्रशने खूण पुसायचा आणि मगच इस्त्री फिरवायचा. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता, आणि नव्हता म्हणूनच दुकान नीट चाललं होतं.

आईच्या लेकीचं नाव मामाने पोपट ठेवलं होतं, आणि ते चुकलं असं म्हणायची सोय नव्हती. दुभाषी व्हायचं हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. कॉलेजात त्या अभ्यासक्रमाच्या जागा मोजक्या, आणि तोंडी मुलाखतीत निभाव लागल्याशिवाय आत शिरता येत नाही. म्हणून तिने इंग्रजीतले जडजड शब्द घोकायचा सपाटा लावला होता. शब्द विचारा, अर्थ तयार. पण तोच शब्द घालून काहीतरी बोल म्हटलं की तोंडाला कुलूप. गेल्या वर्षी मुलाखतीत ती अशीच मख्ख बसून परत आली होती. नियमाप्रमाणे मुलाखत दोनदाच देता येत होती, म्हणजे यंदा गाडी अडली तर दुभाषी होणं कायमचं राहणार होतं.

शेवटी शिकवणीच्या सरांनी हात टेकले. ते म्हणाले, शब्द साठवून ठेवलेस, वापरलेस कुठे? आता रोज एक शब्द एखाद्या जित्याजागत्या माणसाला देऊन टाक, आणि त्यालाच का दिला ते कुणाला तरी पटवून दे.

जितीजागती माणसं दुकानात येतच होती. त्या दिवसापासून खडू पोपटाच्या हाती आला. गप्पिष्ट काकू झाल्या 'लोक्वेशस', घाईवाले झाले 'इम्पेच्युअस'. आईला इंग्रजी कळायचं बऱ्यापैकी, बोलायची मात्र ती बेताचंच. पण उलटतपासणी वकिलाची. पोपटाने इंग्रजीत कारण सांगायचं आणि आईने मशीन थांबवून ऐकायचं. हा शब्द याला सैल होतोय, म्हणायची, दुसरा बघ. मग पोपट हुज्जत घालायची, हरायची आणि दुसरा शब्द शोधायची. मामाला इस्त्री करताना हसू आवरायचं नाही.

एकदा आईनेच उलटा प्रश्न टाकला. ज्याचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं, त्याला काय म्हणतात? 'एलोक्वंट', पोपटाने सांगितलं, आणि तो कुणासाठी हवाय ते विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

पुढे राखाडी कोटवाल्या बाई आल्या. बाही नीट पडत नाही, ही त्यांची तक्रार. आईने ती उसवून पुन्हा लावली, बाई परत आल्या. परत लावली, तरी आल्याच. आरशासमोर हात वर, हात खाली, हात कमरेवर. मामाला तर त्या लांबून दिसल्या की हटकून तहान लागायची. पोपटाने बाहीच्या अस्तरावर ठसठशीत लिहिलं: 'फॅस्टिडियस'. म्हणजे जिच्या मनास काही लवकर येत नाही अशी. आईने शब्द मान्य केला, पण बाही हातात फिरवत म्हणाली, "बाईंचं बरोबर आहे गं. चूक माझीच आहे, पार खांद्यापासून."

मुलाखतीच्या सकाळी दुकानात नुसती धांदल उडाली. आईने पोपटासाठी निळा कोट शिवला होता. तो आणि बाईंचा राखाडी, दोन्ही मामाने एका दमात इस्त्री केले. बाई दुकान उघडताच हजर झाल्या, कोट अंगावर चढवला आणि लगबगीने निघून गेल्या.

कॉलेजात पोपट मुलाखतीच्या खोलीत शिरली, तर टेबलापलीकडे तीन परीक्षक, आणि मधल्या खुर्चीत तोच राखाडी कोट. बाजूच्या दोघांनी शब्दांचे अर्थ विचारले, ते तिने धडाधड म्हणून दाखवले. आता स्वतःबद्दल काही बोल म्हणाले, आणि गेल्या वर्षीचं कुलूप पुन्हा लागलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संपलं सगळं, असं पोपटाला वाटलं.

तेव्हा बाईंनी शांतपणे बाहीचं टोक उलटं केलं आणि हात टेबलावर ठेवला. अस्तरावरचा खडू जसाच्या तसा होता. मामा पुसायला विसरला होता.

"अक्षर तुझं का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. "मग हा शब्द मला का दिलास, ते पटवून दे."

कानावर हात ठेवता आले असते. पण हा प्रश्न रोजचाच होता, आणि त्याला उत्तर द्यायची तिच्या जिभेला सवय झाली होती. ती इंग्रजीत बोलायला लागली आणि बोलतच राहिली. नुसतं किरकिऱ्या म्हटलं असतं तर तो तुमच्यावर अन्याय झाला असता, ती म्हणाली. किरकिऱ्या माणसाला काय हवंय तेच ठाऊक नसतं, तुम्हाला नेमकं ठाऊक होतं. आई 'मेटिक्युलस', कारण ती स्वतःच्या टाक्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते. तुम्ही ती दुसऱ्याच्या टाक्यावर ठेवता. बाजूचे परीक्षक हातातली पेनं खाली ठेवून ऐकत होते.

आज पुन्हा लिहायचं झालं तर हाच शब्द लिहिशील का, असं बाईंनी विचारलं.

"हाच लिहीन," पोपट म्हणाली. "फक्त खाली आईचं म्हणणं जोडीन, की तुमचं बरोबर होतं."

बाई खळखळून हसल्या. जागा तिला मिळाली, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, आणि बाही आता झकास बसली आहे हा निरोप आईसाठी दिला.

पोपट धावतच दुकानात आली. आधी आनंदाची बातमी सांगितली आणि मग मामाला धारेवर धरलं. मामाने कपाळावर हात मारला. माझा काय दोष, तो म्हणाला, दोन कोट होते. निळ्यावर तुझ्या आईने ब्रश लावू दिला नाही, आणि तिच्याशी वाद घालण्याच्या नादात राखाडी तसाच राहिला.

निळ्यावर कसली खूण? पोपटाने अंगातला कोट काढून उलटा केला. अस्तरावर आईच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, मराठी लिपीत लिहिलं होतं: एलोक्वंट.

तिचे डोळे भरून आले.

"का दिला ते विचार की," आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

"का दिलास?"

"रोज मीच तर ऐकत होते ना गं."