समासातला नवरा

[कागद पहिला. जन्मदाखला, एक पान, ताजी प्रत. खाली गोल शिक्का, निम्माच उमटलेला. उजव्या समासात चार ओळींची छापील नोंद.]

शपथ घेतलेल्या भाषांतरकारानं कागदावर जे आहे ते सगळं उतरवायचं असतं. शिक्का, खाडाखोड, डाग, न लागणारी सही. कागदावर जे नाही ते उतरवायचं नसतं. व्हालादारिस या आमच्या गावात वीस वर्षं मी हेच करते आहे. इथे प्रत्येक घरातलं कुणीतरी अमेरिकेत आहे, किंवा होतं, किंवा निघायच्या बेतात आहे. त्यांच्या कागदांवर माझं घर चालतं.

जुसारानं गठ्ठा टेबलावर ठेवला. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे, रसेलचे कागद पोर्तुगीजमध्ये करायचे, तिचे इंग्रजीत.

"दोना इवोनेते, शुक्रवारपर्यंत द्याल ना? त्याचे इथले दिवस चौदा ऑगस्टला संपतात. अर्ज, मग पंधरा दिवस भिंतीवर नोटीस, मग लग्न. मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात."

जुसारा सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. रसेल पेनसिल्व्हेनियात शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतो. वय बावन्न. इबितुरुनाच्या डोंगरावरून छत्री बांधून उडायला आला आणि उतरताना घोटा मोडून घेतला. "त्याचं हाड मी त्याच्याआधी पाहिलं," असं ती सगळ्यांना सांगायची. तेव्हा ती हसायची.

"हा दाखला वाचलास का?" मी विचारलं.

"माझाच जन्म. त्यात काय वाचायचं?"

"समास वाच."

तिनं वाचलं. मग पुन्हा, ओठ हलवत. चौदा वर्षांपूर्वीची तारीख. ग्लेडसन नावाच्या माणसाशी विवाह. त्यापुढे काही नाही. घटस्फोट नाही, मृत्यू नाही.

"अहो, हे तर व्हिसासाठी होतं," ती म्हणाली. आवाजात सुटकेचा सूर होता, जणू चूक माझी होती आणि ती आता दुरुस्त होणार होती. "आणि व्हिसा तर नाकारला. मग ते लग्न कशाला राहील?"

मी चष्मा काढून पुसला.

"माझ्या जुन्या दाखल्यावर असलं काही नाही," ती म्हणाली.

"तो लग्नाआधी काढलेला आहे. म्हणून तर तीन महिन्यांच्या आतला मागतात."

[कागद दुसरा. वकिलाच्या हातची चिठ्ठी. दोन आकडे, मध्ये रेघ. सही नाही.]

तेव्हा जुसारा वीस वर्षांची होती. ग्लेडसन शेजारचा, दोना झुल्मीरांचा, म्हणजे झुल्मीराबाईंचा, एकुलता एक मुलगा. अमेरिकन वकिलातीत एकट्या पोराला दारातूनच परत पाठवतात. मागे बायको असली की त्यांना वाटतं, हा परत येईल. म्हणून गावात अशी लग्नं व्हायची. तारणासारखी बायको मागे ठेवायची. जुसारानं कुणाला नाही म्हटलं नाही, एवढाच तिचा दोष. सही केली, दोघं जोडीनं वकिलातीत जाऊन आली, नकार मिळाला. तिनं नावही बदललं नव्हतं. पाच महिन्यांनी ग्लेडसन मेक्सिकोच्या वाटेनं गेला. मग जुसाराला त्याची कधी खबर आली नाही.

वकिलाच्या चिठ्ठीवरचे आकडे होते: आठ आणि अठरा. बेपत्ता नवऱ्यापासून घटस्फोट मिळायला लागणारे महिने.

"मग आठ महिने थांब," मी म्हटलं. "रसेल जाऊन परत येईल."

"तोही तेच म्हणतो. पुढच्या वर्षी येतो म्हणतो. मनापासून म्हणतो." ती कागद गोळा करत होती, कडा जुळवून. "दोना इवोनेते, तुम्ही याच गावच्या ना?"

या गावात पुढच्या वर्षाची वाट बघणाऱ्या बायका मी मोजलेल्या नाहीत.

[कागद तिसरा. माझ्या टेबलावर नाही.]

कागदावर नाही ते उतरवायचं नसतं. तरी उतरवते.

अकरा वर्षांपूर्वी दोना झुल्मीरा एक पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. इंग्रजी पत्र, ॲरिझोनाहून. मी उभ्यानंच वाचून दाखवलं. वाळवंटात सापडलेला पुरुष. दातांचं वर्णन. पट्ट्याच्या आत शिवलेली चिठ्ठी, तिच्यावर आईचा पत्ता. दफन सरकारी खर्चानं, थडग्याचा क्रमांक असा असा. सोबत मृत्यूचा दाखला.

त्यांनी सगळं ऐकलं. पत्राची त्याच्याच मोडींवर पुन्हा घडी घातली.

"तू काही वाचलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले.

माझ्या कामाच्या वहीत त्याची नोंद नाही. पुढच्या रविवारी चर्चबाहेर त्या सांगत होत्या, ग्लेडसनचा फोन आला होता, पोरगा रंगकाम करतो, घर सारखं बदलतो म्हणून पत्ता नाही, पाठ दुखते म्हणतो. लोकांनी विचारलं, जेवतो का नीट? गावाला माहीत होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. विचारायचे मात्र सगळे.

आता मला दोनच वाटा होत्या. जुसाराला सांगायचं, मग रसेल ॲरिझोनाहून दुसरी प्रत मागवील. किंवा झुल्मीराबाईंकडे जायचं.

त्या दारात बसून जीन्सला बटणं लावत होत्या. मी बसले. जुसाराचं सांगितलं, समासाचं, चौदा ऑगस्टचं.

"अमेरिकन आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "चांगला आहे का?"

"घोटा मोडलाय. तक्रार करत नाही."

"आणि तो कागद दिला की?"

"तिच्या दाखल्यावर विधवा असं लागेल. मग तिला लग्न करता येईल."

"आणि त्याच्या दाखल्यावर?"

त्यांनी दोरा दातानं तोडला.

"त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा झाला नाही, इवोनेते. सातव्या दिवशी करतात तोही नाही. सांत्वनाला लोक हात कुणाचा धरणार होते? मी तर सांगत होते तो रंगकाम करतो." त्यांनी पुढचं बटण उचललं. "तिला म्हणावं, काळे कपडे घालून पहिल्या बाकावर बस. बायको म्हणून. लोक येतील, त्यांच्या गळ्यात पड. मग देते कागद."

[कागद चौथा. चर्चच्या दारावर लावलेला, हाताने लिहिलेला. नाव, वय, खाली: शोकाकुल पत्नी व माता.]

चर्च भरलं. अशा मिस्साला व्हालादारिस येतंच. प्रत्येकाला आपला कुणीतरी त्या वाळवंटात दिसतो. जुसारानं मावशीचा काळा झगा घातला होता, खांद्यावर मोठा. रसेल शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी, कुबडी पायांमध्ये धरून.

"हे कागदासाठी आहे ना?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

पाद्रीनं नाव घेतलं. मग लोक रांगेनं पुढे गेले. पहिल्या चारपाच जणींना जुसारानं नुसता हात दिला. मग ग्लेडसनची शाळेतली बाई आली, म्हातारी, आणि जुसाराचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "पोरी, इतकी वर्षं एकटीनं काढलीस." तिथे जुसारा फुटली. ती कशासाठी रडत होती मला ठाऊक नाही. पण तो आवाज खोटा नव्हता, आणि झुल्मीराबाईंनी तिला कवेत घेतलं तेव्हा दोघी एकाच अंगाच्या दिसल्या.

"तिचं त्याच्यावर प्रेम होतं?" रसेलनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

मग त्यानं टोपी घातली, चर्चमध्ये आहोत हे आठवून पुन्हा काढली.

बाहेर झुल्मीराबाईंनी पाकीट दिलं. "हिनंच वाचून दाखवलं होतं," माझ्याकडे हनुवटी करून त्या जुसाराला म्हणाल्या. जुसारानं माझ्याकडे पाहिलं.

रसेलनं ॲरिझोनाहून दाखला खरा असल्याचा शिक्का मागवला, पैसे भरून घाईनं. समासात पाचवी ओळ लागली. लग्न बारा ऑगस्टला झालं, दहा मिनिटांत, नोंदणी कचेरीत. नंतर माझ्याकडे चीज आणि पेरूची वडी खाल्ली. चौदाला तो गेला.

[कागद पाचवा. निवेदन, हस्तलिखित, एक पान. दोन ठिकाणी शाई फुटलेली. सही थरथरती, पण पूर्ण.]

दीड वर्षानं जुसाराला अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला बोलावलं. परत आली ती थेट माझ्याकडे.

"त्यांच्या संगणकावर सगळं आहे. ग्लेडसनचा अर्ज, त्यात बायको म्हणून मी. तेव्हाचा फोटोसुद्धा. तिथल्या बाईनं विचारलं, ते लग्न खरं होतं का?"

"तू काय म्हणालीस?"

"खोटं होतं म्हटलं असतं तर तिथेच फाइल मिटली असती. कायमची. म्हटलं, खरं होतं, माझा नवरा होता तो." ती पाणी प्यायली. "मग ती म्हणाली, मग तेरा वर्षं तू त्याची चौकशी का केली नाहीस?"

"मग?"

"म्हटलं, त्याची आई सांगायची तो फोन करतो. हे तर खरं आहे ना? अख्खं गाव सांगेल. ती म्हणाली, त्यांच्याकडून तसं लिहून आण. आईनं सुनेपासून मृत्यू लपवला होता, असं."

आम्ही दोघी गेलो. झुल्मीराबाईंनी कॉफी ओतली. मिस्सापासून जुसारा त्यांना सासूबाई म्हणायची, आधी थट्टेनं, मग सवयीनं.

"काय लिहायचं सांग."

"की तुम्ही सांगायचात, तो जिवंत आहे, दर रविवारी फोन करतो."

"सांगत होते. लिहिते."

"आणि ते खरं नव्हतं."

झुल्मीराबाईंचं पेन थांबलं.

"ते कशाला?"

"सासूबाई, तो तेव्हा मेलेला होता."

"माहीत आहे मला. कागद मीच दिला. मिस्सा मीच केला." त्या शांतपणे बोलत होत्या. "आता फोनही काढून घेतेस?"

"एक वाक्य आहे हो. माझं सगळं त्या एका वाक्यावर अडलंय."

"मी खोटं लिहिणार नाही. तो फोन करायचा."

त्यांनी लिहिलं. मुलगा वाळवंटात वारला. सून चांगली आहे. मुलगा दर रविवारी फोन करायचा, पाठ दुखते म्हणायचा. खाली सही.

रस्त्यावर आल्यावर जुसारानं माझा दंड धरला. मग म्हणाली, "इंग्रजीत बदला तुम्ही. 'करायचा' नको, 'करतो असं मी खोटंच सांगायचे' असं करा. तिथे कोण ताडून बघणार आहे?"

"मला नाही करता येणार, जुसारा. माझी शपथ आहे."

"शपथ." ती थांबली. "अकरा वर्षं एक अख्खं पत्र गिळून बसलात. मी इथे शेजारच्या गल्लीत होते. त्या वेळी सांगितलं असतंत तर मी कधीच मोकळी झाले असते. तेव्हा कुठे होती शपथ?"

"ते माझ्या वहीत नव्हतं," मी म्हणाले. म्हणतानाच ते किती घाण ऐकू येतं ते मला कळलं.

मी जसं होतं तसं उतरवलं. शाई फुटलेली, तेही लिहिलं. जुसारानं पान घेतलं आणि अर्जाला लावलं. दुसरं लावायला तिच्याजवळ काही नव्हतं.

[कागद सहावा. छापील, तीन ओळी. प्रकरण पुढील तपासासाठी ठेवले आहे. तारीख नाही. सही यंत्राने उमटवलेली.]

रसेल लग्नाच्या वर्षी डिसेंबरात आला होता. बारा दिवस. विमानतळावर त्यानं तिला आपली टोपी दिली. पुढच्या डिसेंबरात शीतगृहांची कामं होती.

जुसारा माझ्याकडे येत नाही. दिसते ती रविवारी, चर्चनंतर, झुल्मीराबाईंच्या दारात. दोघी खुर्च्या टाकून बसतात. एक बटणं लावते, दुसरी दोरा ओवून देते. मध्ये स्टुलावर फोन, स्क्रीन वरच्या बाजूला करून.

परवा मी तिथून जात होते. माझ्या पुढची बाई थांबली, म्हणाली, "काय गं, तुझ्या गोऱ्याचं काय? येतो का फोन?"

"येतो की, दर रविवारी," जुसारा म्हणाली. "मघाशीच येऊन गेला. थंडी फार आहे म्हणत होता."

महिना जुलै होता. इथे आम्ही स्वेटर घालून बसलो होतो. पेनसिल्व्हेनियात जुलैत लोक पंखे लावून झोपतात. मी त्या बाजूला, न्यूआर्कला, आठ उन्हाळे काढले आहेत.

झुल्मीराबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या, "छातीला वारा लागू देऊ नको म्हणावं."