पिवळाळ्याची रानशेवंती

महादेवरावांना खोटं ठरवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. नागपूरच्या आमच्या कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. त्यात त्यांनी तरुणपणी आणलेली एक रानशेवंती होती, कागदाला चिकटवलेली, आणि खाली त्यांच्या अक्षरात: 'सातपुड्यातली कोरडी दरी, पिवळाळा गावाच्या वर.' सबंध वऱ्हाडात ती दुसऱ्या कुणाला सापडली नव्हती.

संग्रहाचे नवे साहेब पुण्याचे. त्यांनी नकाशे पालथे घातले, पिवळाळा कुठेच मिळेना. गाव मनाने रचलं, फूलही कुणाच्या बागेतलं, असा निकाल देऊन ते तो कागद काढून टाकायला निघाले. महादेवराव माझे गुरुजी. गवत कापणाऱ्या एका बाईने जे नाव सांगितलं तेच लिहिलं, एवढंच ते म्हणत राहिले.

मी वरवट बकालची, त्याच सातपुड्याच्या पायथ्याची. 'बाईने' हा शब्द ऐकला आणि मला हसूच फुटलं. आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्या नावासारखा शब्दसुद्धा टाळतात. नवरा सोनाजी असला, तर सोन्याला पिवळं म्हणतात. मग आमच्या शेजारच्या सोनाळा गावाला काय म्हणतील? मी साहेबांना आणि गुरुजींना म्हटलं, चला, दाखवते.

सोनाळ्यात विचारत गेलो, तर गवत कापणारी ती बाई निघाली सोनाजीचीच बायको, तानुबाई. कमरेत वाकलेली, जिभेने ताठ. डोंगरातून उतरून फुलं कागदात दाबणारा तो येडा तिने लगेच ओळखला, महादेवराव लाजले. पण दरीत गेलो, तर त्या साली पावसाने दगा दिलेला. सगळं करपलेलं, फुलाचा मागमूस नाही. परत येऊन साहेब तानुबाईच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, शिष्येची साक्ष मी धरणार नाही; पिवळाळा म्हणजे कोणतं गाव ते या बाईंनी स्वतः बोलावं, नाहीतर कागद उद्याच जाईल.

"मले त्याहिचं नाव घ्याले लावता?" तानुबाई म्हणाली.

सोनाजी शेजारीच सुपारी कातरत होता. घे म्हणाला. तिने मान हलवून नकार दिला. महादेवराव उठून चपला शोधायला लागले, ते मला बघवेना.

"आजी," मी म्हटलं, "उखान्यात तर चालते ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदर डोक्यावर नीट घेतला, नव्या नवरीसारखी मान खाली घातली आणि खणखणीत म्हणाली:

"जनमभर म्हनलं ज्याले मी पिवळाळा,
सोनाजीचं नाव घेते, तोच हा सोनाळा."

सोनाजीचा अडकित्ता थांबला. साहेबांनी घाईघाईने पेन काढलं आणि पुन्हा एकदा सांगायची विनंती केली.

"आता नाही," तानुबाई म्हणाली. "लग्नात घेतलं, अन् आज घेतलं."

महादेवराव डोळे पुसत होते. "लिहा साहेब," ते म्हणाले, "मला पाठ झालाय."