कुलपांपुढची दवंडी

“दवंडी दिली होती की नव्हती, एवढंच सांगा,” पंचायत समितीचे विस्तार अधिकारी म्हणाले.

“दिलती की,” सारजाबाई म्हणाल्या. “एकोणीस जानेवारीला. सकाळी पारापासून सुरू केली, वस्तीवर संपवली.”

“झालं तर मग.” विजयसिंहांनी टेबलावरचा जबाब त्यांच्याकडे सरकवला. सरपंच त्यांच्या पत्नी होत्या, राजनंदिनी. पण खुर्चीत विजयसिंह होते आणि सरपंच शेजारच्या स्टुलावर. “करा मावशी सही. साहेबाला नेकनूरची बस धरायचीय.”

ग्रामसेवक प्रविणनं लिहिलेला जबाब दोन ओळींचा होता. गावात सर्वत्र दवंडी दिली. सर्व ग्रामस्थांना सभेची माहिती मिळाली.

सारजाबाईंनी तो बोट फिरवत वाचला. “पयली ओळ बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “दुसरी मी न्हाई बोलले.”

चौकशी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेची होती. त्या सभेत चाळीस एकर गायरान एका सौरऊर्जा कंपनीला देण्याचा ठराव एकमतानं झाला होता. त्या गायरानावर वस्तीतली एकेचाळीस कुटुंबं तीस वर्षांपासून ज्वारी-तूर काढतात. हजेरीपत्रकावर याच वस्तीतल्या सव्वीस जणांच्या सह्या होत्या. बीडला नर्सिंग शिकणाऱ्या आम्रपालीनं माहितीच्या अधिकारात त्याची नक्कल काढली, तेव्हा तिला त्यात वडिलांची, संजयची, सही दिसली. संजय त्या दिवशी कर्नाटकात ऊस तोडत होता. तिच्या तक्रारीवरून ही चौकशी लागली होती.

सारजाबाई ग्रामपंचायतीच्या शिपाई. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. नवरा डफडं वाजवायचा. यांनी स्टीलची थाळी घेतली. पार, मारुतीचं देऊळ आणि मग वस्तीच्या तिन्ही गल्ल्या, हा त्यांचा क्रम कधी मोडला नाही. आता नोटीस मोबाइलच्या ग्रुपवर पडते, दवंडी कशाला, असं प्रविण एकदा म्हणाला होता. “ग्रुपमधी वस्तीवरली म्हातारी भिवराबाई हाय का?” एवढंच त्यांनी विचारलं होतं.

“माहिती मिळाली नाही असं तुम्ही कशावरून म्हणता?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“साहेब, घराला कुलूप होतं. कुलपाला काय माहिती मिळती?”

प्रविणला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं.

“दसरा झाला की वस्ती कारखान्यावर जाती,” सारजाबाई सांगत राहिल्या. “मागं म्हातारी माणसं ऱ्हातात. मी थाळी वाजवली तर भिवराबाई उन्हात बसलेली. म्हणली, कुणाला सांगतीस बये, कडीला का कोयंड्याला? तरी मी तिन्ही गल्ल्या पुऱ्या केल्या. माझं काम हाय ते.”

“कोणकोणत्या घरांना कुलूप होतं, आठवतं?”

“आठवायचं काय त्याच्यात?”

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग हजेरीपत्रक पुढं ओढून पेनाचं टोपण काढलं.

सारजाबाईंनी डोळे मिटले. “पयली गल्ली. संजयचं घर, कुलूप. त्याच्या भावाचं, कुलूप. अंजना, कुलूप; तिला मीच ट्रकात बसवून दिलती, सातवा म्हैना होता तिला. मग माणिकराव. ते हायती, पर दिवाळीपासून अंथरुणावर. समोर जीवनचं, कुलूप…”

त्या घाई करत नव्हत्या. गल्ली संपली की थांबत, वळत, पुढची धरत. अधिकाऱ्यांचं पेन यादीवर खालीवर फिरत होतं आणि एकेका सहीपुढं फुली पडत होती. माणिकरावांचीही सही होती. तिच्यापुढं त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

“ही काय दप्तर हाय का?” विजयसिंह उसळले. “मावशे, तुझं काय जातंय गं? तुझं घर का हाय तिथं?”

“घर न्हाई, दादा. आवाज गेलाय माझा तिथं,” सारजाबाई म्हणाल्या. “तुमी सही मागताव म्हंजी माझ्या आवाजावर त्येंची जमीन मागताव. मी फकस्त बोलावलं. आलं कुणी न्हाई.”

“मानधनावर हाईस. ध्यानात ठेव.”

“ठेवलंय. तुमी दर म्हैन्याला सांगताव.”

राजनंदिनी खाली बघत होत्या. अधिकाऱ्यांनी दुसरी ओळ खोडली आणि कागद सारजाबाईंपुढं ठेवला. “तुमच्या शब्दांत लिहा.”

त्यांना दहा मिनिटं लागली. ‘वस्तीवर एकोणतीस घरांना कुलूप होते. दवंडी दिली. ऐकायला माणूस नव्हता.’ खाली पूर्ण नाव, तारीख. बस चुकली. अधिकारी पुढच्या गाडीपर्यंत थांबले आणि त्यांनी जबाबाची प्रत सारजाबाईंना दिली.

अहवालाला दीड महिना लागला. ठराव रद्द झाला, ऊसतोड मजूर परतल्यावर सभा पुन्हा घेण्याचा आदेश आला. तो येण्याआधीच ग्रामपंचायतीच्या मासिक सभेनं शिपायाचं पद कमी केलं होतं. कारण दिलं होतं, ‘सूचना आता मोबाइलवर देता येतात.’ बाजूनं सगळे होते. राजनंदिनींनी तेवढी सही करायला दोन दिवस लावले.

एप्रिलमध्ये सभेची सूचना रिक्षावरच्या भोंग्यानं दिली. भोंगा वस्तीवरही गेला. त्या वेळी तिथं कुलूप नव्हतं.

शाळेच्या मैदानात सतरंज्या कमी पडल्या. सारजाबाई इरकली लुगडं नेसून आल्या आणि नेहमीसारखं फाटकाशी उभं न राहता बायकांमध्ये, अंजनाशेजारी बसल्या. अंजनाच्या मांडीवर चार महिन्यांची पोर होती.

“मावशी, साहेबाला पाणी…” विजयसिंहांच्या तोंडून सवयीनं गेलं.

“मावशी आज सभेला आलत्यात,” संजय मागून म्हणाला. कुणीतरी हसलं. विजयसिंहांनी उठून पाण्याचा जग स्वतः पुढं सरकवला.

गायरानाचा विषय आला. विरोधात असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. शिपायानं सभेत हात वर करायचा नसतो, असं सारजाबाईंना तेव्हाच्या ग्रामसेवकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बावीस वर्षं त्यांनी दाराशी उभं राहून इतरांचे हात पाहिले होते.

प्रविण रांगांमधून मोजत निघाला. बायकांच्या रांगेत तो सारजाबाईंपाशी आला आणि क्षणभर अडखळला. त्यांचा हात कोपरात न वाकता सरळ वर गेलेला होता. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या.

“सत्तेचाळीस,” तो मोठ्यानं म्हणाला आणि पुढं गेला.