काचेमागची आग

चातुर्मासात दिवेलागणीपर्यंत मी बोलत नाही. घरात आता सगळ्यांना सवय झाली आहे. माझे सासरे, काशीराम मामंजी, तेवढे चिडवतात, "चार महिने घर म्हंजे शेडमधलं थंड इंजिन!"

ते दिवा-आपटा मार्गावर वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. आता काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. त्या दिवशी चार वाजता ऑपरेशनसाठी दवाखान्यात जायचं होतं. उरलेली नजर टिकेल की जाईल, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

माझ्या मुलीने, रियाने, त्यांना कॉम्प्युटरवर वाफेच्या इंजिनाचा खेळ बसवून दिला होता. त्यात कोळसा घालायचा, पाणी सोडायचं, वाफ सांभाळायची आणि गाडी घाटावर चढवायची. महिनाभर मामंजींची गाडी अर्ध्या घाटात थांबत होती. वाफेचा काटा त्यांना दिसायचा नाही आणि रिया ओरडून सांगेपर्यंत उशीर व्हायचा.

कॉलेजला निघताना रियाने माझ्या टिकल्या बटणांवर चिकटवल्या. "आई, लाल कोळसा, हिरवी पाणी. आज तू आजोबांची फायरमन, भट्टी सांभाळणारी." मग दारातून हसली, "पण तू बोलणार नाहीस आणि त्यांना खुणा दिसणार नाहीत. छान जोडी आहे!"

"व्रत मोडू नको गो सूनबाई," मामंजी म्हणाले. "पन एकदा माथा गाठायचा हाय. थोडं दिसतंय तवर."

गाडी निघाली. पडद्यावर भट्टीचं तोंड उघडलं आणि मी बघतच राहिले. आत नुसता लाल नव्हे, पांढरा पिवळा उजेड, जिवंत. घरात कुठे ठिणगी नाही आणि तरी माझे गाल तापल्यासारखे झाले.

चढ लागला. काटा जरा उतरला तशी मी घाबरले आणि लाल टिकली दाबत सुटले. धुराड्यातून काळा लोट निघाला. काटा वर जायचा तो खालीच आला.

मामंजींनी कान टवकारले. "धापा टाकतेय. कोळसा लय घातलास? आग कोंडली गो! काटा कुठं हाय?"

शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला. माझं लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पायांना हात लावला होता, हाताला कधी नाही. तो हात मी पहिल्यांदा धरला आणि त्यांचं बोट पडद्यावर, काट्याच्या टोकावर ठेवलं.

दुसऱ्या हाताने पडद्याची कड चाचपत ते म्हणाले, "इतका खाली? बरं. आता हात जोडून बस. काय करू नको."

त्यांनी वाफ जरा कमी सोडली. गाडी गोगलगाईसारखी झाली. मी लाल टिकलीवरचं बोट उचललं. रोज धूप घालताना मी हेच करते की! निखाऱ्यावर ऊद चिमूटभरच टाकायचा, मग थांबायचं. धूर पातळ झाला. भट्टी पुन्हा उजळली. काटा वर सरकू लागला, तसं त्यांचं बोटही माझ्या हाताबरोबर वर सरकलं. मग मी थोडा कोळसा घातला. थांबले. पुन्हा थोडा.

"आता पानी दाखव."

मी बोट पाण्याच्या नळीवर नेलं.

"कमी हाय. माथा ओलांडला की पानी पुढं धावतं, आगीवरचं छप्पर उघडं पडतं. मग बॉयलर फुटून आपन दोगं देवाघरी! सोड, पन जपून. गार पान्यानं वाफ पडते."

मी हिरवी टिकली दाबली. काटा कचरला, थबकला आणि तिथेच राहिला. तेवढी आग, तेवढंच पाणी आणि त्या दोघांच्या मधोमध एवढी मोठी गाडी वर चढत होती. हे कोणी कसं रचलं असेल, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

चाकांचा आवाज बदलला. चढ संपला होता. मामंजींनी वाफ सोडायचा रेग्युलेटर बंद केला. आता वाफेला काम उरलं नाही. काटा लाल रेघेला टेकला आणि इंजिनाच्या पाठीवरच्या व्हॉल्व्हमधून जादा झालेली पांढरी वाफ फुस्सकन आभाळात गेली.

"व्हॉल्व्ह उडला!" मामंजींचा आवाज फुटला. "ऐकलंस? माथ्यावर आलो आपन."

मी त्यांचं बोट दाबलं.

बाहेर रिक्षा आली. मी पिशवी घेतली. मामंजी मात्र उठेनात. त्यांचं बोट अजून त्या काट्यावर होतं.

"चल," शेवटी म्हणाले. "आता डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे."

उंबऱ्याशी त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला आणि आम्ही पायऱ्या उतरलो.