घोंगडीमार्फत

मित्रांनो, मी घोंगडी आहे. जुनी आहे हे तुम्हाला माझ्या वासावरून कळले असेलच. लोक माझ्या वासाबद्दल बोलतात आणि मग माझ्यावरच बसतात. त्यामुळे मी ते मनावर घेत नाही.

माझा जन्म माण तालुक्यातला. तिकडे पाऊस येतो की नाही हे पावसाला स्वतःलाच ठरवता येत नाही, म्हणून लोक मेंढरे राखतात. धुळा नावाच्या धनगराच्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, पिंजली, सूत काढले आणि एका सनगराने खड्ड्यातल्या मागावर मला विणले. वर चिंचोक्याची खळ दिली. त्या दिवशी मी इतकी ताठ होते की मला घडी घालायला दोन माणसे लागली. पुढे आयुष्यात मऊ व्हावे लागते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

नाथाजी फोरमनने मला विकत घेतले आणि सांगलीजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात नेले. नाथाजी कोरेगाव तालुक्यातले. पलटणीत होते, तिथून सुटल्यावर इकडे ओतकाम विभागात लागले. ओतकाम म्हणजे वाळूचा साचा करून त्यात लोखंडाचा तापलेला रस ओतायचा आणि थंड झाल्यावर पंपाचे कवच बाहेर काढायचे. मला त्यांनी थंडीसाठी घेतले होते. पण भट्टीजवळ थंडी कुठली? मग जेवणाच्या सुट्टीत माणसे माझ्यावर बसू लागली, आणि माझ्या नोकरीला सुरुवात झाली.

साडेबाराला मला अंथरत. चपला बाहेर. नाथाजी मध्ये, त्यांच्या दोन्ही बाजूंना जुने कामगार, मग नवे. राजाराम मोल्डर, म्हणजे साचे करणारे. विभागातले सर्वांत चांगले कारागीर, पण ते छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातले, म्हणून ते अगदी कडेला माझ्या दशांवर बसत. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे, म्हणून ते तसेच चालले होते. मी कोणाला सरकवले नाही आणि कोणाला बोलावलेही नाही. घोंगडीला यापेक्षा जास्त जमत नाही, असे मी स्वतःला सांगत असे. हीच सबब मी पुढे शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकली.

बायका माझ्यावर बसत नसत. त्या मागे खांबाशी फडकी सोडून बसत. वाळू चाळणाऱ्या दोघी होत्या. थोरल्या अंबूबाई, आणि धाकटी हरणाबाई. हरणाबाई म्हणजे नाथाजींच्या पुतण्याची बायको. पुतण्या पलटणीत, सरहद्दीवर. बहात्तरच्या दुष्काळात गावाकडे खडी फोडण्यापलीकडे काम उरले नाही, तेव्हा नाथाजींनीच तिला इथे लावले. ती त्यांची सून लागत होती. सुनेने सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचे नाही, त्याच्यासमोर बसायचे नाही, त्याचे नाव घ्यायचे नाही, आणि सासऱ्यानेही तिच्याकडे बघून बोलायचे नाही. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. श्वास घ्यायलाही कोणी शिकवत नाही.

पण वाळूचे काम तिचे आणि वाळूची जबाबदारी नाथाजींची. रोज काही ना काही सांगायचे असेच. मग हरणाबाई अंबूबाईंना म्हणे, "आत्ती, म्हणावं आजची वाळू वल्ली हाय." हे ती एवढ्या मोठ्याने म्हणे की भट्टीवाल्यालाही ऐकू जाई. अंबूबाई काही सांगायच्या आतच नाथाजी भाकरीकडे बघत म्हणत, "उनात पसरा म्हणावं." अंबूबाईंना फक्त मध्ये बसायचे असे. त्या ते मन लावून करत. माझ्यावर त्या दोन वर्षांत असे बरेच कारभार झाले आणि त्यातला एकही कागदावर नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मालकांचे चिरंजीव लालासाहेब कारखाना बघू लागले. ते इंजिनिअर होते आणि शिवाय मुंबईला व्यवस्थापनाचा अभ्यास करून आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऑफिसात एक मोठा तक्ता लावला. त्यात चौकोन होते आणि चौकोनांत माणसे. हरणाबाईचा चौकोन सर्वांत खाली, तिथून एक रेघ सरळ वर नाथाजींच्या चौकोनाला. तक्त्यात ते फार सोपे दिसत होते.

मग सुधारणा झाल्या. बायकांना जेवायला वेगळी खोली मिळाली, पंख्यासकट. बायका खूश झाल्या आणि त्यांनी व्हायलाच हवे होते. साठीला आल्या म्हणून अंबूबाईंना शाल देऊन घरी बसवले. त्या माणला मुलाकडे गेल्या. तक्रारींसाठी एक वही केली आणि ती नाथाजींच्या टेबलावर ठेवली. पुरुषांना बाकडी मिळाली. मला तेलाच्या डब्यांखाली अंथरले. माझ्यावर डाग पडला तर कोणी रागावत नसे, यावरून माझी पदावनती किती झाली होती ते समजा.

दिवाळीनंतर पंपांची कवचे फुटू लागली. रस थंड झाला की आत फोडासारखी भोके. दहातली चार टाकून द्यावी लागत. साचे राजारामचे, म्हणून दोष राजारामचा. त्यांनी एकदा नाथाजींना सांगून बघितले की वाळूत काहीतरी फरक आहे. पण चुकलेला मोल्डर आधी वाळूला नावे ठेवतो, हे नाथाजी तीस वर्षे बघत आले होते. आणि नव्या ठेकेदाराची वाळू त्यांनीच सही करून उतरवून घेतली होती. जानेवारीत राजारामना कागद मिळाला. शनिवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर कामावरून कमी केले जाईल. वीस वर्षे झालेला माणूस. दोन मुली शाळेत. त्यांनी तो कागद डबे ठेवायच्या फळीवर, माझ्या शेजारीच ठेवला आणि कामाला गेले.

त्याच आठवड्यात मुक्ताबाई कारखान्यात आल्या. त्या मूळच्या खंडाळ्याच्या, पण पुण्यात मानववंशशास्त्र शिकत होत्या. माणमधल्या माणसांची नातीगोती लिहून घ्यायची होती, आणि माणची बरीच माणसे इथे कामाला, म्हणून परवानगी मागायला आल्या. लालासाहेबांना वाटले, हे शास्त्र कवट्या मोजायचे. इथे सगळ्यांच्या कवट्या चालू स्थितीत आहेत, असे ते म्हणाले. मुक्ताबाईंनी शांतपणे सांगितले की माणसे एकमेकांशी कशी वागतात, कोण कोणाशी बोलतो आणि कोण बोलत नाही, हेही त्यांच्या शास्त्रात येते. रानातल्या वस्तीवर चालते ते कारखान्यातही चालत असणार. माणसे तीच आहेत. लालासाहेबांनी पंधरा दिवस दिले.

मुक्ताबाई दोन दिवस बायकांच्या खोलीत जेवल्या. त्यांनीही एक तक्ता काढला. त्यात त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बायका, आणि कोण कोणाचे कोण लागते त्याच्या रेघा. तो त्यांनी लालासाहेबांच्या तक्त्याखाली धरला.

"तुमच्या तक्त्यात ही रेघ बोलण्याची आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यात तीच रेघ न बोलण्याची आहे. हरणाबाईंना वाळूबद्दल काहीतरी माहीत आहे. पण सून सासऱ्याला तुमची वाळू वाईट आहे म्हणून सांगत नाही. आधी मध्ये अंबूबाई होत्या. त्यांना तुम्ही शाल दिली."

लालासाहेबांनी थोडा विचार केला. त्यांच्या अभ्यासक्रमात सासरे नव्हते. ते म्हणाले, त्यात काय, तिला बोलावू आणि विचारू.

शनिवारी सकाळी ऑफिसात बोलावले. हरणाबाई दाराच्या चौकटीआड उभी राहिली, पदर कपाळाच्या खाली. नाथाजी आत उभे, नजर छताकडे. लालासाहेबांनी वाळूबद्दल तीनदा विचारले, प्रत्येक वेळी जरा मोठ्याने. ती बहिरी आहे असे त्यांना वाटले असावे. तिसऱ्यांदा चौकटीआडून आवाज आला, "मला काय म्हाईत न्हाई." लालासाहेबांनी मुक्ताबाईंकडे बघितले आणि राजारामच्या कागदाची प्रत पुढे ओढली.

साडेबाराच्या सुट्टीत मुक्ताबाईंनी सगळ्यांना ओतकामात आणले आणि विचारले, पूर्वी तुम्ही जेवायला कशावर बसत होता? कोणीतरी डब्यांकडे बोट केले. मला ओढून काढले, झटकले. इतकी धूळ उडाली की लालासाहेब दोन पावले मागे गेले. नेहमीच्या जागी मला अंथरले. नाथाजी मध्ये बसले. कामगार बसले. राजाराम उभेच राहिले. बायका येऊन खांबाशी उभ्या राहिल्या. मुक्ताबाईंची कल्पना अशी होती की अंबूबाईंच्या जागी त्या स्वतः बसतील. म्हणून त्या मध्ये बसल्या आणि हरणाबाईकडे बघून मान हलवली.

हरणाबाई गप्प. मुक्ताबाई पाहुण्या होत्या आणि त्यांच्या हातात वही होती. वही असलेल्या माणसामार्फत घरातली गोष्ट कोण सांगेल? हे त्यांच्या शास्त्रात असेलच, पण त्या दिवशी त्यांच्या लक्षात आले नाही. एकाचा भोंगा व्हायला दहा मिनिटे होती. भोंग्यानंतर राजारामनी हजेरीचे कार्ड परत द्यायचे होते.

तेव्हा हरणाबाईने पदर आणखी खाली ओढला आणि माझ्याकडे बघितले.

"घोंगडीबाई," ती म्हणाली, "आवं, ऐकताय नव्हं? मामंजींस्नी सांगा, वाळू बदललीया. दिवाळीपासनं गाडी नदीकडनं येत न्हाई, वड्याकडनं येतीया. मूठ आवळली की हाताला माती चिकटतीया. तसल्या वाळूतनं वाफ कशी निघंल? राजारामभाऊंचा त्यात काय दोष न्हाई म्हणावं."

मित्रांनो, मला आयुष्यात कोणी काही विचारले नव्हते, आणि आवं तर कोणीच केले नव्हते. मी काय करणार? पडून राहिले. त्या क्षणी तेवढेच हवे होते.

नाथाजींनी माझ्या काठाकडे बघितले. मग म्हणाले, "घोंगडे, इचार तिला. इतके दिस गप का बसली?"

"त्यांस्नी म्हणावं," हरणाबाई म्हणाली, "बोलायला घोंगडी कुठं हुती?"

नाथाजी उठले, वाळूच्या ढिगाशी गेले, मूठभर घेऊन आवळली आणि उघडली. वाळू हाताला तशीच चिकटून राहिली. ते परत आले आणि पहिल्यांदाच कोणाच्या तरी डोळ्यांत बघून बोलले. ते डोळे लालासाहेबांचे होते.

"साहेब, वाळू उतरवून घेतल्याची सही माझी हाय. कागद मला द्या."

लालासाहेबांनी कागद कोणालाच दिला नाही. ते मुळात इंजिनिअर, म्हणून त्यांनी आधी प्रयोग करायचे ठरवले. शेडमागे नदीची जुनी वाळू थोडी उरली होती. सोमवारी राजारामनी दोन साचे केले, एक जुन्या वाळूचा, एक नव्या. जुन्यातले कवच घंटेसारखे वाजले. नव्यातल्याची चाळण झाली होती. ठेकेदार बदलला, राजारामचा कागद फाडला. अहवालात माहिती कोणी दिली असा एक रकाना होता. लालासाहेबांनी पेन बराच वेळ वर धरले आणि तिथे "घोंगडी" असे लिहिले.

पुढे जे व्हायचे ते झाले. परिपत्रक निघाले. रोज साडेबारा ते एक घोंगडीवर मोकळ्या गप्पा होतील, हजेरी सक्तीची. माझ्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. बायकांचा पंखा काढून खांबाशी आणला, ते मात्र बरे झाले. लालासाहेब स्वतः पेन्सिल घेऊन बसू लागले आणि चार दिवस माणसे हवापाण्याशिवाय काही बोलली नाहीत. पुण्याला परत निघताना मुक्ताबाईंनी त्यांना एवढेच सांगितले की तुम्ही जेवायला घरी जात जा. ते गेले. पाचव्या दिवशी हरणाबाईने मला सांगितले की मामंजींना म्हणावं, चाळणीचा तळ फाटला तरी कुणाला दिसत न्हाई, डोळं काय पलटणीत ठेवून आलाय? नाथाजींनी मला सांगितले की तिला म्हणावं, चाळण उद्या येईल, जिभेला काही इलाज नाही. विभाग सुरळीत चालू झाल्याची ती खूण होती.

आता एकोणऐंशी साल आहे. माझ्या मध्यभागी भोक पडले आहे आणि एका बाजूने कसर लागली आहे. लालासाहेबांनी नवीन सतरंजी मागवायची का म्हणून विचारले आहे. त्यांनी विचारले, हीच केवढी प्रगती. तुमच्यापैकी काही जण उद्या साहेब व्हाल. जुनी वस्तू काढून टाकायची तर खुशाल टाका, वस्तूचे एवढे काही नसते. पण त्याआधी एक दिवस तिच्याजवळ गप्प बसून बघा, तिच्यावरून कोण कोणाशी बोलते ते. आणि ठेवणार असाल तर वर्षातून दोनदा ऊन दाखवा आणि घडीत कडुनिंबाचा पाला घाला. एवढेच माझे मागणे आहे.

काल राजारामच्या साच्यातली तीन कवचे फुटली. का फुटली ते मला सुट्टीत सविस्तर ऐकायला मिळाले, दोन्ही बाजूंनी, आणि या वेळी कागद निघाला नाही. राजाराम ते ऐकत भाकरी खात होते आणि जेवून आपल्या साच्यांकडे गेले.