वेशीवरचा जळका पत्रा

मित्रांनो, मोर्शीकडून आमच्या गावात शिरताना वेशीवर अर्धा काळा पडलेला पत्रा दिसतो ना, तो मी. मी ग्रामपंचायतीचा जुना फलक आहे. पेंटरने पिवळ्या रंगावर ठळक लिहिले होते, ‘परवानगीची चिठ्ठी घेतल्याशिवाय धुरे-बांध व काडीकचरा पेटवू नये. शेजाऱ्यास कळवावे. पाणी जवळ ठेवावे.’ काय रुबाब होता माझा! पहिल्यांदा लोक थांबून वाचत. मग कोणी माझ्यावर वाढदिवसाची पोस्टरे चिकटवली, कोणी माझ्या खांबाला बकरी बांधली.

चैत्रातल्या वादळात तो खांब मोडला. नालीत पडलेल्या मला गावातल्या खुशालरावांनी उचलले आणि आपल्या वावरात नेऊन मोटरच्या पेटीवर झाकण म्हणून टाकले. मला फार वाईट वाटले, पण पत्र्याला कोण विचारतो?

वैशाखात खुशालरावांनी संत्र्याच्या झाडांची सल, म्हणजे वाळक्या फांद्या, तोडून धुऱ्यावर ढीग घातला. धुऱ्यापलीकडे रुख्मिणीबाईंची बाग. टंचाईत डोक्यावर घागरी वाहून त्यांनी ती जगवली होती. यंदा पहिल्यांदाच झाडांनी फळ धरले होते.

“काका, चिठ्ठी घेतली काय?” वाटेने जाणाऱ्या किशोरने विचारले.

“आपल्या वावरात आपला कचरा जाळाले कायची चिठ्ठी? धुरा त दरसालच जाळतो आमी,” खुशालराव म्हणाले आणि काडी ओढली.

वारा उठला. तेव्हा त्यांनी मलाच आणून आडोशाला उभे केले. माझी अक्षरे जाळाकडे होती. ती एकेक करून करपली. वाऱ्याच्या एका झोताने मी आडवा झालो आणि ठिणग्या पलीकडच्या वाळल्या गवतात पडल्या. खुशालराव मोटरकडे धावले, तर लाइन गेलेली. तहान लागल्यावर विहीर खणायची, त्यातली गत.

माणसे जमली, आग विझली. पण धुऱ्यालगतची झाडांची ओळ गेली. रुख्मिणीबाई करपलेले हिरवे फळ हातात घेऊन उभ्या होत्या.

“एक आवाज देल्ला असता, त मी पानी घेऊन उभी राह्यली असती,” त्या म्हणाल्या. “झाडाले पळता येत नाई, खुशालभाऊ.”

खुशालराव मान खाली घालून धुऱ्यावरच बसले. दुसऱ्या दिवशी मला खांद्यावर घेऊन ते वेशीवर आले आणि त्यांनी स्वतः नवा खांब रोवला. पंचायतीचा शिपाई रंगाचा डबा घेऊन आला होता. रुख्मिणीबाईंनी त्याला थांबवले.

“रंग नोको देऊ. अक्षरं कोनी वाचत नाई. हे जळलेलं तरी पाहतीन.”

म्हणून मी असाच उभा आहे. मित्रांनो, माझी अक्षरे आता वाचता येणार नाहीत. पण काडी ओढण्याआधी धुऱ्यापलीकडे एक आवाज द्या.