पलंगाची गव्हाण

दवाखान्यातून जिवंत परत येणं हा काही गुन्हा नाही. पण त्या दिवशी गाडीतून उतरलो तेव्हा सूनबाईच्या चेहऱ्यावर जे दिसलं, त्याला आनंद म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिनं पटकन पदर सावरला आणि म्हणाली, "बाबा, आत या. तुमचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलंय. तिथं वारा चांगला येतो."

अंथरूण एका घडीच्या खाटेवर होतं. खाट नवीकोरी, पायांना अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं. मी काठी टेकत माझ्या खोलीकडे गेलो. खोलीत शिवणयंत्र होतं, कापडांचे गठ्ठे होते, खिडकीला नवा पडदा होता. माझा पलंग नव्हता.

"पलंग कुठाय?" मी विचारलं.

मुलगा माझी पिशवी हातात घेऊन उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागच्या दारी शेळी ओरडली. मेलीला बरोबर तेव्हाच बोलायचं होतं.

मी सुतार आहे. तो सागवानी पलंग मी लग्नाआधी स्वतःच्या हातानं केला होता. उशाकडे उभ्या दांड्यांची जाळी होती. हा मुलगा रांगायला लागला आणि त्या दांड्यांमधून डोकं घालायला शिकला. एकदा अडकला आणि रडून घर डोक्यावर घेतलं. त्याला सोडवलं आणि त्याच दिवशी प्रत्येक दोन दांड्यांच्या मध्ये मी एकेक जादा दांडा ठोकला. माझी बायको म्हणाली, पलंग आहे की तुरुंग? पण डोकं परत अडकलं नाही.

मागच्या दारी जाऊन पाहिलं, तर ती जाळी गोठ्याच्या भिंतीला तिरपी टेकवून पक्की केलेली होती. भिंत आणि जाळी यांच्यामध्ये वरून गवत भरायचं, शेळ्यांनी दांड्यांमधून ओढून खायचं. खाली सांडेल ते झेलायला पलंगाच्या फळ्यांचं पन्हाळ केलेलं. पायथ्याकडच्या पाटाचं वरचं झाकण. एकूण काय, माझा पलंग उभा राहून शेळ्यांना जेवू घालत होता.

काम वाईट नव्हतं. हे सांगताना माझा जळफळाट होतो, पण नव्हतं. गेला हिवाळाभर शेळ्या अर्धं गवत पायाखाली तुडवत होत्या आणि मुलगा माझ्यामागे लागला होता, बाबा, एक गव्हाण करून द्या. मी करतो, करतो म्हणत दिवस ढकलले. आणि घरातली पडून राहिलेली वस्तू म्हणजे लाकूड, हे तर मीच त्याला शिकवलेलं. जुनी दारं, मोडकी कपाटं, सगळं मी कापून दुसऱ्या कामाला लावलेलं. पोरानं बापाचं ऐकलं, यात बापानं चिडायचं कशाला?

"एक पैसा लागला नाही," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं. "बाबा, डॉक्टर म्हणाले होते, आशा धरू नका. तुम्हाला शुद्ध नव्हती. पलंग नुसता डोळ्यांसमोर... आम्हाला बघवत नव्हतं."

हे मी गिळलं. खरंच गिळलं. शुद्ध गेलेल्या माणसाचा पलंग बघवत नाही, हे मला पटलं. डोळेसुद्धा भरून आले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चांगलं केलंस."

आणि तेव्हाच मला तो वास आठवला.

दवाखान्यात ठेवलं तेव्हा पहिले काही दिवस मी टुणटुणीत होतो. ताप चिघळला तो नंतर. त्या पहिल्या दिवसांत मी पेपर वाचत होतो, नर्सशी भांडत होतो, आणि डॉक्टर म्हणत होते, चार दिवसांत घरी सोडतो. मुलगा रोज संध्याकाळी यायचा, खाटेशी बसून संत्रं सोलायचा. त्याच्या बोटांना ताज्या कापलेल्या सागवानाचा वास यायचा. सुताराच्या नाकाला तो चुकत नाही. मला किती बरं वाटलं होतं! कधी करवत हातात न धरलेला पोरगा आपल्या मागं हत्यारं काढून बसलाय. मी विचारलं होतं, "काय करतोयस रे?" तो म्हणाला होता, "काही नाही, किरकोळ." आणि फोड सोलून माझ्या तोंडात घातली होती.

म्हणजे पलंग तेव्हाच कापला होता, मी चांगला शुद्धीवर असताना. मी खांद्यावरचा हात काढून घेतला.

काही बोलणार तोच गोठ्यात धडपड झाली. शिंगाळी शेळीनं जाळीत डोकं घातलं होतं आणि शिंगं मागं अडकून ती किंचाळत होती. माझ्या लक्षात आलं. यानं मधले दांडे काढून टाकले होते.

"भुंडीला गवत नीट ओढता येईना," तो म्हणाला, "म्हणून जागा केली." भुंडीला शिंगं नाहीत. माप तिच्या डोक्याचं घेतलेलं. दुसरीला शिंगं आहेत हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

तो शेळीचे मागचे पाय धरून ओढायला लागला. सूनबाई म्हणाली, "अहो, मान मोडेल तिची." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

मी काठी भिंतीला लावली. शेळीचं तोंड धरलं, मान तिरपी केली, आधी एक शिंग बाहेर काढलं, मग दुसरं. ती लंगडत बाजूला गेली आणि माझ्याकडे रागानं बघू लागली. तुझा राग मला समजतो बाई, मी मनात म्हटलं.

"काढलेले दांडे कुठं टाकलेस?"

तो धावत जाऊन घेऊन आला. सरपणात टाकलेले होते, जाळले नव्हते एवढंच. मी खाली बसलो आणि एकेक दांडा त्याच्या जुन्या खाचेत बसवला. खिळा तो धरायचा, हातोडी मी मारायचो. अंतर तेच झालं, जे मी त्याच्या डोक्यासाठी धरलं होतं. शिंगाळीनं येऊन नुसते ओठ आत घातले, गवताची काडी ओढली आणि चघळत राहिली. भुंडीलाही जमलं, दांड्यांशी जरा झटापट केली एवढंच. खाली फारसं काही सांडलं नाही.

"आता एकदम झकास झालं," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, जणू सगळंच मिटलं. "बाबा, तुम्हाला जरा ताकद येऊ दे. आपण दोघं मिळून नवा पलंग करू. याच्याहून चांगला."

"नको," मी म्हणालो. "ती घडीची खाटच बरी. लोखंडाची आहे. तिचं दुसरं काही करता येत नाही."

त्याच्या हातांना भुसा लागला होता. तो हात पाठीमागं घेऊन उभा राहिला.